फिक्या बांबूचे दिवे

"कंप्युटरवर टोपल्या विकते," असं सासूबाई आल्यागेल्याला माझ्याबद्दल सांगायच्या. मी टोपल्या नाही, दिवे विकत होते, पण समजावत बसायला वेळ नसायचा. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. मी शहापूरची, मुंबईत कमर्शियल आर्ट शिकलेली, लग्न होऊन मुरबाडला आलेली. एका वर्गमित्राने वेबसाइट बनवून दिली होती. मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून मी ऑर्डरी बघायचे आणि वीज गेली की मालकाबरोबर बाहेर पायरीवर बसायचे.

दिव्याचं डिझाइन माझं होतं. विणायची डोळखांबकडच्या एका पाड्यावरची काकी. कामट्या अगदी पातळ हव्यात आणि बांबूचा मूळ फिका पिवळा रंग तसाच राहायला हवा, असा माझा हट्ट. रंग नाही, व्हार्निश नाही. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेले ते फोटो अजूनही माझ्याकडे आहेत. पुण्या-मुंबईची माणसं त्या फोटोंवर भाळायची. दिवाळीआधी तर काकीचं अख्खं घर विणायला बसलं.

दसऱ्याला काकी म्हणाली, "बाय, आमी येंदा भट्टीवर नाय जानार. मुकादमाला सांगून टाकलाय."

दरवर्षी दिवाळी झाली की ते सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे ते थेट पावसाच्या तोंडावर परतायचे. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर ऑर्डरी पुन्हा मोजून बघितल्या.

दिवाळीनंतर मेल यायला लागल्या. पावसाळ्यात पाठवलेल्या दिव्यांतून बारीक भुकटी गळत होती. एका बाईने लिहिलं, रोज सकाळी उशीवर पिवळी पूड सापडते, हे काय आहे? मागोमाग खोकी परत आली. एक दिवा उजेडात धरला तर कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कीड लागली होती.

तो दिवा घेऊन मी पाड्यावर गेले. काकी बोटाने भोकं चाचपत राहिली. "आमच्या टोपल्यांना असा कदी झाला नाय गो."

आम्ही दोघींनी वर बघितलं. तिच्या टोपल्या चुलीच्या वर टांगलेल्या होत्या, धुराने काळ्या पडलेल्या. शहरातल्या फ्लॅटमध्ये धूर कुठून येणार? ही गोष्ट तिच्याही डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही.

मग काही दिवे धुरात धरून पाठवले. ते वासामुळे परत आले. ऑर्डरी थांबल्या.

हे सांगायला गेले तेव्हा काकी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग आता आमी जावा कुटं? मुकादमाचा टेंपो तर कदीच गेला."

तिच्याबरोबर मी मुकादमाच्या घरी गेले. त्याने दारातूनच सांगितलं, भट्टीवर लागणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या भरल्या. परतताना काकी माझ्यापुढे चालत होती. एकदाही तिने मागे बघितलं नाही.

तयार दिव्यांचा ढीग तिच्या पडवीत पडून होता. तो घेऊन मी आणि काकी सापगावच्या एका मांडववाल्याकडे गेलो. लग्नसराई तोंडावर होती, आणि मांडवात दिवा टिकायला हवा तरी किती दिवस?

त्याने दिवा फिरवून बघितला. "ताई, असा फिका कोन लावील? लाल-हिरवा जिलेटिन कागद चिकटवू काय?"

मी काकीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. "चिकटवा," म्हटलं.

पहिल्या लग्नाला आम्ही दोघी गेलो. माझे दिवे लाल, हिरवे, जांभळे होऊन मांडवभर लोंबत होते आणि त्यांच्याखाली बेंजो वाजत होता. मला ते बघवेना. काकी मात्र मान वर करून प्रत्येक दिवा बघत होती. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली, "आता कसा लगीन वाटतंय!"

त्या उन्हाळ्यापुरतं तिचं घर निभावलं. मांडववाल्याने पुढे दोनतीन वर्षं दिवे घेतले, मग प्लॅस्टिकच्या माळा स्वस्त झाल्या आणि काकीचं घर पुन्हा भट्टीवर जायला लागलं. तोवर मी वेबसाइट बंद केली होती आणि मुरबाडच्या एमआयडीसीत खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनरची नोकरी धरली होती. बिस्किटांची खोकी, पंख्यांची खोकी. काम वाईट नव्हतं. बांबूच्या कामट्या बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवून ठेवल्या तर कीड लागत नाही, हे मला तिथल्याच एका सहकाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी जेवणाचा डबा तसाच घरी आणला.