पेशींची खंडेनवमी

निपाणीच्या स्टँडवर उतरलं की आधी तंबाखूची शिंक येते, मग गाव दिसतं. शिंकतच मी आक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे पोहोचलो. जन्मभर विड्या वळलेल्या तिच्या बोटांना संधिवाताने धरलंय. तिचं इंजेक्शन जिवंत पेशींमध्ये तयार होतं. कारखान्यात त्या पेशींनाच विषाणूची लागण झाली आणि सगळा माल फेकून द्यावा लागला. दुकानात इंजेक्शन नाही, आक्काची मूठ मिटत नाही.

"विषाणू लागणार न्हाय अशा पेशी करती म्हणं आमची सुनंदा," आक्का म्हणाली. "पर चार दिस फोन उचलंना. बेळगावला जाऊन बघून ये, रं."

बेळगावची ती प्रयोगशाळा चकचकीत. दारात बूट काढले, टोपी घातली, झगा चढवला, हात घासून धुतले. मग भाचीने समजावलं. विषाणू पेशीत शिरताना जी कडी धरतो, ती कडीच तिने जनुकांत बदल करून काढून टाकली होती.

"म्हणजे येळ्ळूरचा माणूस मराठी अर्ज घेऊन कानडी कचेरीबाहेर ताटकळतो, तसा विषाणू?"

"तसाच, मामा. फक्त तो मोर्चा काढत न्हाय."

मला तिचा फार अभिमान वाटला. "मग दाखव की पेशी."

तिने कपाटाचं दार उघडलं. पेशी वाढवायच्या उबदार कपाटावर कुंकवाची बोटं होती आणि आत काहीच नव्हतं. नुकतीच खंडेनवमी झालेली. इकडे त्या दिवशी लेथ मशीनपासून लाल बसपर्यंत सगळ्यांना हार घालतात, कोहळा फोडतात. प्रयोगशाळेच्या साहेबांनी हे कपाटही पूजेला घेतलं. खरं काम तर पेशी करतात, म्हणून दार उघडून बाटल्यांची बुचं काढली आणि एकेकीवर झेंडूची पाकळी वाहिली.

"विषाणू न्हाय शिरला. बुरशी शिरली," सुनंदा म्हणाली. "गोठवून ठेवलेल्या पेशी हाईत, पण चाचण्या परत पहिल्यापासून. आईला काय तोंडानं सांगू?"

"अडवायचं होतंस."

"अडवलं की. देवाच्या कामात मध्ये बोलू नको म्हणाले."

तेवढ्यात साहेबच आले. प्रसाद म्हणून कुंद्याचा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) डबा हातात दिला आणि विचारलं, "बूट बाहेर काढलेत ना? आमच्याकडं स्वच्छता लई कडक."

निपाणीला परतून आक्काला सगळं सांगितलं. ती कुंदा चिमटीत धरू पाहत होती, तो सांडत होता. शेवटी मी भरवला.

"मीबी पुजली की माझी पानं कापायची कात्री," ती म्हणाली. "ती झकास चालती. हात पुजायचं तेवढं ऱ्हायलं."

घरी परतताना कोल्हापूरच्या बसच्या नाकावर खंडेनवमीचा हार वाळत होता आणि बस बिनतक्रार धावत होती. झेंडूवर माझा राग नाही. साहेबावर आहे, आणि तो डबा मुकाट्याने हातात घेऊन आलो, त्या माझ्यावरही.