शिडीला फासलेलं ग्रीस

माझी आत्या बंदरावरची पहिली बाई क्रेनचालक. तिच्या निरोप समारंभात मोठे साहेब म्हणाले, "बाईंना आम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं."

आत्या ताडकन उठली आणि तिने त्यांच्या हातातला माईक हिसकावला.

"सांभाळून? माझ्या शिडीला ग्रीस फासलंत, मी पडले, मनगट मोडलं. बायकांसाठी संडास मागितला तर खो-खो हसलात. घोटभर पाणी न पिता मी कामाच्या पाळ्या काढल्या. आता माझ्या जिवावर स्वतःची टिमकी वाजवू नका!"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पुष्पगुच्छ तिथेच टाकून आत्या निघाली. मी तिच्यामागे धावले आणि तिला रस्त्यात गाठलं.

मी विचारलं, "आत्या, इतकी वर्षं गप्प का राहिलीस?"

"गप्प? अगं, प्रत्येक साहेबाला सांगितलं. आज माईक होता, म्हणून ऐकावं लागलं मेल्यांना!"