राहूच्या फाट्याचा थांबा

सुट्टीच्या दिवशी मी बस धुवायचो. सीटांखाली झाडू घातला की काय काय निघायचं. शेंगांची टरफलं, शर्टाचं बटण, केसांतली पिन, एकदा तर एकाच पायाचा मोजा. इतकी माणसं रोज बसणार-उठणार म्हटल्यावर काहीतरी मागं राहणारच. किस्सेही तसेच मागं राहतात. फक्त ते झाडूनं निघत नाहीत.

नव्वदच्या पुढं शिरूरच्या अलीकडच्या माळावर कारखाने आले. त्यातल्या एका कंपनीची बस मी चालवायचो. सकाळी दौंड स्टेशनासमोरून निघायचं, पाटस, चौफुला, केडगाव घेत पुढं भीमेचा पूल ओलांडून कंपनीच्या गेटात. संध्याकाळी तेच उलटं. कंपनीत साहेबांना मोटार होती, मधल्या लोकांना प्रवासखर्चाचं बिल होतं आणि कामगारांना माझी बस. सगळे मला मामा म्हणायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि बोलायला मला जरा वेळ लागतो. त्यामुळं गाडीत बोलायचे ते, ऐकायचो मी.

या गाडीचा एक थांबा एकदा बंद व्हायची पाळी आली. राहूचा फाटा. तिथं एकटी मंदा चढायची. थांबा गेला असता तर तिची नोकरीही गेली असती. पण फाट्यावर पोचायचं तर आधीच्या थांब्यांवरून जावं लागतं, म्हणून दौंडपासूनच सुरू करतो.

* * *

दौंडचा माणूस घड्याळ बघत नाही, रेल्वे बघतो. आमचे काहीजण कुर्डुवाडीकडून पॅसेंजरनं यायचे. कंपनीचा नियम असा की बस कुणासाठी थांबणार नाही. पॅसेंजर लेट असली की मी खाली उतरून टायरची हवा बघायचो. एक टायर झाला की दुसरा.

पांडुरंग नावाचा फिटर होता. रेल्वे कॉलनीत वाढलेला, तोंडानं फटकळ. तो खिडकीतून सांगायचा, "मामा, मागची चाकं बी बघा. पॅसेंजर अजून आउटर सिग्नललाच हाय."

ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या जुन्या साहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी मला बोलावून विचारलं, "मामा, पॅसेंजर लेट असली की मगच तुमच्या टायरची हवा कशी जाते?"

मी म्हणालो, "जात न्हाई साहेब. बघावी लागती."

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाले, "बघत जा."

* * *

स्टोअरचे देशपांडेही माझ्याच बसनं यायचे, फार सरळ माणूस. त्यांना कामासाठी शिरूरच्या एका वर्कशॉपला जावं लागायचं. एसटी चुकली तर वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप. एकदा त्यांनी जीपच्या भाड्याचं बिल दिलं आणि अकाउंट्सनं ते परत पाठवलं. कारण काय, तर भाडं फार कमी लावलंय. बाकी सगळे जास्त लावतात, मग यांचंच कमी कसं? पावती आणा.

आता जीपवाला कुठली पावती देणार? देशपांडे दोन दिवस त्या जीपवाल्याला शोधत होते. तिसऱ्या दिवशी ते अकाउंट्सच्या टेबलापुढं जीपवाल्यालाच घेऊन उभे राहिले. म्हणाले, "पावती नाही. माणूस आणलाय. विचारा."

जीपवाला घाबरला होता. पण त्यानं खरं ते सांगितलं. "व्हय, हेच साहेब हुतं. आत जागा नव्हती म्हनून मागं उभं ऱ्हाऊन आलं. उभ्याचं आमी अर्धंच घेतो."

देशपांड्यांचं बिल पास झालं. जीपवाल्याला चहा मिळाला. पण खरं भाडं एकदा टेबलावर आलं, त्यामुळं त्या महिन्यापासून बाकीच्यांची जीपची बिलंही छाटली गेली. पुढं कितीतरी दिवस देशपांडे कँटीनमध्ये एकटेच जेवत होते.

* * *

रामसेवक बिहारकडचा. दौंडला खोली करून राहायचा. झोप अशी, की गाडीत बसला की मान खाली. एका सकाळी गेटात सगळे उतरले, हा शेवटच्या सीटवर आडवा. मला दिसला नाही. मी गाडी शेडला लावून निघून गेलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीला हा डोळे चोळत खात्यात हजर.

सुपरवायझर म्हणाला, गैरहजेरी लागली. रामसेवक हात जोडून म्हणाला, "साहब, हम तो सुबह से कंपनी के अंदर ही थे."

सुपरवायझर विचारात पडला. माणूस गेटाच्या आत होता हे खरं. कंपनीच्याच गाडीनं आला होता हेही खरं. शेवटी त्यानं अर्धा दिवस दिला. पांडुरंग म्हणाला, "मामा, उद्या मला बी उठवू नका."

* * *

आता राहूचा फाटा.

तिकडच्या एका वस्तीवरची सून मंदा. दहावी शिकलेली. कंपनीत पॅकिंगला बायका घ्यायला लागले तेव्हा तिनं हट्टानं नोकरी मिळवली. घर आधी मेंढरांवरचं, आता शेतीत स्थिरावलेलं. सासऱ्यांना सगळे केरबाआबा म्हणायचे. उमेदीत मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेला माणूस.

पहिल्या दिवशी आबाच तिच्याआधी गाडीत चढले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. चढले ते थेट मागच्या सीटपर्यंत चालत गेले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत बघत परत पुढं आले.

पांडुरंगला राहवतंय होय? तो म्हणाला, "काय आबा, मेंढरं मोजताय?"

आबा म्हणाले, "मेंढरं मोजत न्हाईत बाबा. त्येंची तोंडं बघत्यात."

मग माझ्या मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, चला, मी बी येतो. पास नसलेल्या माणसाला गाडीत घ्यायचं नाही, असा नियम होता. मी गियर टाकला. आबा दिवसभर गेटाबाहेर लिंबाखाली बसून राहिले आणि संध्याकाळी सुनेबरोबर परत आले. फाट्यावर उतरताना मला म्हणाले, "माणसं बघितली. उद्यापासनं मी न्हाई येत. पर रोज तुमीच असता नव्हं?"

मी म्हणालो, व्हय.

तेव्हापासून ते सुनेला फाट्यावर आणून सोडायचे. गाडी वळली की मगच माघारी फिरायचे. संध्याकाळी पुन्हा तिथंच उभे.

* * *

पावसाळ्यातली एक सकाळ. फाट्यावर आबा एकटेच उभे. घोंगडं डोक्यावरून घेतलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मी दार उघडलं. मंदा कुठं आहे असं मी विचारलं.

"ताप आलाय तिला. आज न्हाई येत."

मग हे सांगायला एवढ्या चिखलातून कशाला आलात, असं मागून कुणीतरी म्हणालं.

आबा म्हणाले, "तुमी वाट बघत बसला असता."

 

* * *

पुढं कंपनीत नवे साहेब आले. पुण्याचे, तरुण, आवाज न चढवणारे. वाहतुकीचा खर्च कमी करायचं काम त्यांच्याकडं दिलेलं. त्यांनी सगळे रूट बघितले आणि राहूच्या फाट्यावर त्यांचं बोट थांबलं. फाट्यासाठी गाडीला मोठा रस्ता सोडून वळसा घ्यावा लागायचा. वळसा रोजचा, डिझेल रोजचं, आणि चढणार एक बाई. साहेब म्हणाले, थांबा बंद करू आणि तिला पगारात प्रवासभत्ता देऊ. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. मलाही त्यात चूक काढता आली नाही.

मंदानं हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. "मामा, कंपनी म्हनं पैसं देती, गाडी न्हाई देत. मग ती काय पैशावर बसून येनार?"

मंदा म्हणाली, मी केडगावपर्यंत चालत जाते. आबांनी मान हलवली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेला होता. एकटी जायचं नाही, त्यापेक्षा नोकरी सोड, असं त्यांनी तिला माझ्यादेखतच सांगितलं.  मंदा गाडीत बसली आणि कंपनी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

तिची ही अडचण मी साहेबांच्या कानावर घातली. मला नीट सांगता आलं नाही. साहेब म्हणाले, "एकदा स्वतः येऊन बघतो, मग ठरवू."

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दौंडला उतरताना पांडुरंग माझ्याजवळ थांबला.

"मामा, उद्या वळशावर गाडी तापनार."

मी म्हणालो, गाडी चांगली आहे.

"चांगली हाय, पर तापनार," तो म्हणाला आणि उतरून गेला.

सकाळी साहेब दौंडलाच गाडीत बसले. पहिल्या सीटवर, हातात कागद. रामसेवकनं त्यांना गुड मॉर्निंग केलं. पाटसच्या पुढं पांडुरंगनं पिशवीतून पेरू काढून सगळ्यांना दिले, साहेबांनाही. केडगाव सोडून गाडी वळशाला लागली आणि मागून आवाज आला, "मामा, वास येतोय. गाडी तापली."

मी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून रेडिएटरचं झाकण काढलं. वाफेचं नाव नाही. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "तापलीय?"

मी म्हणालो, "तापायच्या बेतात हाय साहेब."

मी सावकाश पाणी ओतत राहिलो. तेवढ्यात मागच्या दारानं गाडीतली सगळी माणसं उतरली आणि उसाच्या बांधावरून फाट्याकडं निघून गेली. साहेब परत चढले तेव्हा आत कुणीच नव्हतं. त्यांनी रिकाम्या सीटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी गाडी चालू केली.

फाट्यावर ही लांब रांग. पुढं मंदा, मान खाली घालून. तिच्यामागं पांडुरंग, देशपांडे, कुर्डुवाडीचे, पाटसचे, सगळे. बांधावरून पळत आल्यानं कुणाचा श्वास ठिकाणावर नव्हता. रामसेवकच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. त्यानं साहेबांना पुन्हा एकदा गुड मॉर्निंग केलं.

आबा बाजूला काठी टेकून उभे होते. एवढी माणसं कुठनं आली, ते त्यांना कळेना. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

साहेबही दारात उभे राहून तेच करत होते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली. पांडुरंगनं नजर दुसरीकडं वळवली. 

साहेबांनी कागदाची घडी केली. ती खिशात घातली. पायऱ्या उतरून खाली गेले आणि चालत चालत रांगेच्या शेवटी, रामसेवकच्या मागं जाऊन उभे राहिले.

आबा त्यांच्याजवळ गेले. त्यांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी बी हितलंच का?"

साहेब म्हणाले, "व्हय, आबा."

रांग पुढं सरकली.