पेंटरचं ऱ्हस्व-दीर्घ

पाट्या रंगवण्यात त्या पेंटरचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. बाजारपेठेत शिरलं की दोन्ही बाजूंना त्याचीच अक्षरं दिसायची. सायकलवाला, घड्याळवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या डोक्यावर पेंटरचा ब्रश फिरलेला. गिऱ्हाईक तोंडी मजकूर सांगायला लागलं की मात्र तो कावराबावरा व्हायचा आणि म्हणायचा, "कागदावर लिहूनच द्या, म्हणजे तुमच्या मनासारखं होईल." लोकांना वाटायचं, एवढा मोठा कलाकार, पण काय नम्र माणूस! खरी गोष्ट अशी होती की ऱ्हस्व-दीर्घाशी पेंटरचं लहानपणापासून हाडवैर होतं, आणि हे त्याने बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

त्याला मुलं तीन. थोरलीला घरात सगळे कलेक्टर म्हणायचे. अकरा वर्षांची ती पोरगी फळ्यावर बाईंनी लिहिलेलं भर वर्गात दुरुस्त करायची, आणि त्यापायी घरी चिठ्ठ्या यायच्या. मधला भोवरा, वय नऊ. एका जागी बसणं त्याला माहीत नव्हतं आणि त्याच्या वहीत 'कमल'चं 'मकल' व्हायचं. शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखायचं, शाळा भरल्याची घंटा झाली की आपोआप थांबायचं. धाकटी सहा वर्षांची. ऐकलेलं सगळं घरभर ऐकवत फिरायची, म्हणून ती रेडिओ.

पेंटरची बायको इस्पितळात नर्स होती. एके दिवशी ड्यूटीवरून आली, चपला काढल्या आणि तिने निकाल जाहीर केला.

"अहो, यापुढे तिघंही घरीच शिकतील. तुम्ही दिवसभर रंग वाळायची वाट बघत बसलेले असता, तेवढ्या वेळात शिकवा. गणित-विज्ञान मी बघते. शुद्धलेखन तुमच्याकडे. अक्षरांचे राजे तुम्ही!"

पेंटरने धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला. पण राजा म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

पहिला अभ्यासक्रम आत्याने आणला. आत्या म्हणजे पेंटरची थोरली बहीण, तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेली. "तिघांना एकच पुस्तक, एकच पाठ, रोज वीस शब्द," तिने बजावलं. "लाड नकोत." कलेक्टरने ते जाडजूड पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि शेवटच्या पानावर पुस्तकातल्याच चार चुका लिहून ठेवल्या. रेडिओने त्यातल्या चित्रांना मिशा काढल्या. आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक नाहीसं झालं. आठवड्याने ते टर्पेंटाइनच्या रिकाम्या डब्यात सापडलं. भोवरा म्हणाला, "मला काय माहीत? पाय फुटले असतील."

दुसरा अभ्यासक्रम कॉम्प्युटरवरचा होता. शब्द बरोबर आला की टाळ्या वाजायच्या आणि पडद्यावर चांदणी उगवायची. चार दिवसांत रेडिओच्या खात्यात तीनशे चांदण्या जमल्या. पेंटर खूश! मग कलेक्टरने चौकशी लावली. तेव्हा कळलं, बाईसाहेब पहिल्याच धड्यातला 'घर' हा शब्द पुन्हापुन्हा लिहीत होत्या. भोवऱ्याला मात्र प्रत्येक चुकीला भोंगा ऐकू यायचा. तो कानांवर उशी दाबून बसायला लागला.

पेंटर वैतागून वाचनालयात गेला. तिथल्या ग्रंथपालबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मुलांचे पाय मोजल्याशिवाय बूट आणता का हो तुम्ही?"

"नाही."

"मग शब्द कसे आणले? वय विसरा. आधी चाचणी घ्या. जो जिथे अडखळेल, तिथून त्याची सुरुवात. पद्धत तिघांना एक, पायऱ्या वेगळ्या. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही." त्यांनी एक पेटी पुढे सरकवली. आत अक्षरांच्या नि काना-मात्रांच्या लाकडी सोंगट्या होत्या आणि सात पातळ पुस्तकं. पुस्तकांवर इयत्तेचा आकडा कुठेच नव्हता, नुसते रंग. रंग बघितले आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला. निदान तेवढं तरी आपल्या ओळखीचं!

चाचणीचे शब्द पेटीबरोबर मिळालेल्या सीडीवर रेकॉर्ड केलेले होते. मुलांनी ऐकून कागद लिहिले. तपासायचं काम कलेक्टरने आपणहून ओढून घेतलं आणि पेंटरने सुटकेचा नि:श्वास सोडला. पण दुपारी वर्कशॉपमध्ये एकटा असताना त्याला राहवेना. कानाला हेडफोन लावून त्यानेही गुपचूप चाचणी दिली आणि कागद हळूच मुलांच्या कागदांखाली सरकवला. नाव अर्थातच टाकलं नाही.

संध्याकाळी कलेक्टर लाल पेन घेऊन बसली. "मी सहावी पायरी, जांभळं पुस्तक. रेडिओ पहिली, पिवळं. भोवरा दुसरी, हिरवं." मग ती थबकली. "हा चौथा कागद कुणाचा? हाही दुसरीतलाच."

"असेल शेजारच्या एखाद्या पोराचा," पेंटर छताकडे बघत म्हणाला.

"शेजारच्या पोराचं अक्षर एवढं छापल्यासारखं?"

भोवऱ्याने कागदाकडे पाहिलं. मग बापाकडे. त्याचे डोळे चमकले. कलेक्टर उठून गेल्यावर तो बापाला येऊन चिकटला.

"बाबा, तू पण हिरव्यात?"

"हळू बोल."

"म्हणजे आपण एका वर्गात!" पोराच्या तोंडावर इतका आनंद पेंटरने कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. लाज वाटायची तेवढी वाटली, पण त्या चेहऱ्यापुढे ती फार वेळ टिकली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपचं दार सकाळी पंधरा मिनिटं बंद राहायला लागलं. आत रंगाच्या डब्यांमध्ये दोन विद्यार्थी फतकल मारून बसायचे. एकाने शब्द वाचायचा, दुसऱ्याने सोंगट्या मांडायच्या. भोवरा सोंगट्या उचलायला उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा, आणि इथे त्याला "नीट बस" असं कुणी म्हणत नव्हतं. वर्गमित्राच्याही मांडीला मुंग्या यायच्या.

नवव्या धड्यात शब्द आला 'दुरुस्ती'. पेंटरने ऐटीत सोंगट्या मांडल्या.

"चूक," भोवरा पुस्तकात बघून म्हणाला. "रु ऱ्हस्व आहे. तू दीर्घ लावलास."

"चूक कशी असेल? अरे, वीस वर्षं मी…"

पेंटरने पुस्तक ओढून स्वतः बघितलं. वीस वर्षांपूर्वी कुणा सायकलवाल्याने कागदावर दीर्घ रू लिहून दिला होता. तो पेंटरने उचलला आणि तेव्हापासून, हा एक शब्द तरी आपल्याला पाठ आहे म्हणून, कागदाकडे न बघता जगातली प्रत्येक दुरुस्ती तशीच रंगवली. सायकल, घड्याळ, शिलाई मशीन, चपला, पंखे. बोटांवर मोजत गेला तर चौदा पाट्या निघाल्या. सगळ्या बाजारात त्याची चूक ठळक, सुबक आणि दुरून वाचता येईल अशी लटकत होती!

भोवरा आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "चल, पुसून टाकू."

"काय सांगायचं लोकांना?"

"सांग, जुन्या गिऱ्हाइकांना रंग फुकट."

शिडी, दोन ब्रश आणि खरवडायची पाती घेऊन बापलेक निघाले. सायकलवाल्याने विचारलं, "काय पेंटर, आज सूर्य कुठे उगवला?" पण फुकट म्हटल्यावर त्याने पुढे चौकशी केली नाही. पंखेवाल्याने तर चहा पाजला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर घड्याळवाला आडवा आला.

"माझ्या पाटीला हात लावायचा नाही. रंग अजून ठणठणीत आहे."

"जरासा उजाळा देतो हो."

"कशाला? तुमच्या मनात काहीतरी आहे."

पेंटर त-त-प-प करायला लागला. तेवढ्यात शिडीवरून आवाज आला, "काका, ते चुकलंय. रु ऱ्हस्व पाहिजे."

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, स्टुलावर चढला आणि बराच वेळ पाटी न्याहाळली. मग एकदम गदागदा हसायला लागला. "वीस वर्षं याच्या खालून ये-जा करतोय मी! बरं, समोरच्या शिलाई मशीनवाल्याचं झालं का?"

"अजून नाही."

"त्याचं पुढच्या आठवड्यात करा. आठ दिवस मला त्याला शुद्धलेखन शिकवू दे."

त्या दिवशी मागोमाग आलेली रेडिओ शिडीच्या पायथ्याशी रंगाचा डबा सांभाळत दोघांचं सगळं बोलणं ऐकत उभी होती, हे बापलेक साफ विसरले. रात्री जेवायला बसताक्षणी बातमीपत्र सुरू झालं. "आई, बाबा पण हिरव्यात आहे! आणि बाबाने सगळ्या गावात चुकीचं लिहिलंय!"

पेंटरने ताटात मान खुपसली. कलेक्टर ओरडली, "तो चौथा कागद!"

बायकोने आधी रेडिओच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही मला पत्रं लिहायचात. 'प्रिय'मधला प्रि प्रत्येक पत्रात दीर्घ. मला वाटायचं, प्रेम जरा जास्त आहे म्हणून ओढून लिहिता."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"नाहीतर शुद्धलेखन तुमच्याकडे कशाला दिलं असतं?"

पुढे चौदाच्या चौदा पाट्या सुधारल्या. रेडिओ पिवळं पुस्तक संपवून हिरव्यात आली आणि वर्कशॉपमधला वर्ग तिघांचा झाला. आत्या एकदा येऊन दारातून बघून गेली. म्हणाली, "हे काय शिकवणं?" पण जाताना सोंगट्यांची पेटी कुठे मिळते ते विचारून गेली.

तीन महिन्यांनी हिरव्यातून बाहेर पडायची परीक्षा झाली. तपासणीस अर्थातच कलेक्टर. पेंटर दोन शब्दांनी नापास झाला. भोवराही दोनच शब्दांनी. कलेक्टरने भावाचा कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"याने आधी बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "मग खोडून चुकीचं केलंय. दोन्ही शब्द!"

भोवरा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. पेंटरने त्याच्याकडे बघितलं, मग खाकरून थोरलीला म्हणाला, "साहेब, याला पुढच्या पायरीवर घाला. मी येतो मागून."

"तू कधी येशील?" भोवऱ्याने विचारलं.

"सोमवारी पुन्हा परीक्षा घ्यायला सांग तिला."

कलेक्टरने दोघांच्याही कागदावर लाल पेनाने 'सोमवार' असं लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली आणि म्हणाली, "शेजारी-शेजारी बसायचं नाही."