चमचाभर रक्त

आमच्या आपांच्या डाव्या हातावर पेशंटच्या हातापेक्षा जास्त सुया टोचल्याच्या खुणा असत. लातूरच्या ज्या रुग्णालयात मी मेंदूविकाराच्या वॉर्डात शिकले, तिथल्या त्या मोठ्या डॉक्टर. माहेर औशाच्या जुन्या अत्तरवाल्यांचं. वॉर्डबॉयपासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना आपा, म्हणजे ताईच म्हणत.

लकवा मारलेला माणूस वेळेत आला, तर मेंदूच्या नसेत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. पण एखाद्याच्या मेंदूत त्यानंतर रक्तस्राव होतो, आणि तो कुणाच्या, हे आधी सांगता येत नाही. आपांच्या जिवाला हाच घोर होता. नातेवाइकांना त्या सांगत, "मामा, कोरड्या पाटाला एकदम पाणी सोडलं की कुठं बांध टिकतोय, कुठं फुटतोय. डोक्यातबी तसंच हाय." रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली कोणती जनुकं त्या घडीला जागी झाली आहेत, हे रक्तात वाचता आलं तर फुटणारा बांध आधी ओळखू येईल, अशी त्यांना आशा होती. म्हणून इंजेक्शन भरेपर्यंत त्या प्रत्येकाचं चमचाभर रक्त मागून घेत आणि फ्रीजरमध्ये गोठवून ठेवत.

मागणं सोपं, मिळणं अवघड. आधीच अंग लुळं पडलेलं, त्यात रक्त काढलं तर उरलीसुरली ताकदही जाईल, ही आमच्याकडची पक्की समजूत. चाकूरकडची एक म्हातारी नवऱ्याच्या हातापायांना कबुतराचं रक्त चोळून आली होती आणि त्याचं नळीभर रक्त द्यायला मात्र तयार होईना. आपा रागावल्या नाहीत. कोमट पाण्यानं त्याचा हात पुसत म्हणाल्या, "मावशी, कबुतराचं चालतंय अन् ह्यांचं न्हाई व्हय?" मग बाही वर सारून माझ्याकडे वळल्या. "आधी माझं घे, बेटा." ताडून पाहायला धडधाकट माणसाचं रक्तही लागतंच. म्हातारीनं आपांची नळी भरताना पाहिली आणि नवऱ्याचा हात पुढे केला.

तो माणूस इंजेक्शननंतरच्या रक्तस्रावानंच गेला. आपा म्हातारीशेजारी फरशीवर बसून राहिल्या. मला संताप आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. असं असेल तर इंजेक्शन द्यायचंच कशाला, असं मी नंतर विचारलं. आपा म्हणाल्या, "न्हाई दिलं तर किती जण जन्मभर अंथरुणाला खिळतेत. हात थरथरू दे, पण दे."

गेल्या उन्हाळ्यात वॉर्डात राउंड घेतानाच आपांची जीभ अडखळली, उजवा हात लोंबकळला. तोवर मी त्यांच्याच हाताखाली डॉक्टर म्हणून कायम झाले होते, त्यामुळे निर्णय माझ्यावर आला. स्कॅन झाला, मी इंजेक्शन भरायला घेतलं. आपांचं तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता, पण डावा हात त्या पुन्हा पुन्हा माझ्यापुढे करत होत्या. मला वाटलं, घाबरल्यात, हात धर म्हणताहेत. मी धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि कोपर माझ्यापुढे उघडं करायला धडपडू लागल्या. बाही सारायला त्यांना दुसरा हात नव्हता. ती मी सारली. आधी रक्त घेतलं, मग इंजेक्शन दिलं. माझा हात थरथरत होता.

आपांच्या डोक्यातला बांध फुटला. औशाच्या कब्रस्तानाबाहेर चाकूरची ती म्हातारीही उभी होती.

फ्रीजरमध्ये त्यांच्या नळ्या शेजारी शेजारी आहेत. बऱ्याचशा धडधाकट आपांच्या, एक त्या दिवसाची. तपासणी चालू आहे, उत्तर अजून नाही. प्रत्येक इंजेक्शन देताना मला भीती वाटते, आणि आपांची फार आठवण येते.

काल निलंग्याच्या एका मुलीनं बापाचं रक्त द्यायला साफ नकार दिला. मी बाही वर सारली आणि सिस्टरला म्हणाले, "आधी माझं घ्या."