चतुर्थीला चंद्रावर

"मिस्त्री, ह्यो गोळा झाका आधी," वस्ताद म्हणाले.

गणपती दुसऱ्या दिवशी बसायचे होते. मांडवात मी केलेला पुरुषभर उंचीचा चंद्र टांगला होता. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर प्लॅस्टर. ओल्या प्लॅस्टरमध्ये वाट्या दाबून खड्डे उठवले होते. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षीची ही गोष्ट. गणपतीपुढं असा सेट उभा करतात, त्याला देखावा म्हणतात. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर हा माझा पहिला स्वतंत्र देखावा होता.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. मंडळात शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाले, "उद्या चतुर्थी हाय. चंद्र बघितला की चोरीचा आळ येतोय. आन् आपण अख्ख्या गावाला बोलवून त्योच दाखवायचा व्हय?"

आम्ही मुसलमान, ईदला चंद्र हुडकत फिरणारे. पण चतुर्थीला माझी आईसुद्धा आम्हाला मान वर करू देत नसे. गल्लीची रीत ती आमची रीत. सगळं ठाऊक असून कामाच्या नादात डोक्यातच आलं नाही. देखावा रद्द झाला असता तर पुढं मला कुणी काम दिलं नसतं.

खिशात वर्तमानपत्रातलं कात्रण होतं. खाली चंद्राची जमीन, वर काळ्या आकाशात पृथ्वी. ते बघता बघता सुचलं. बघणाराच चंद्रावर उभा केला, तर त्याला आकाशात चंद्र दिसणार कुठून?

वस्तादांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. गोळ्यावरचे खड्डे लिंपले, तो निळा-पांढरा रंगवला. चंद्राची पृथ्वी झाली. चंद्रावरून पृथ्वी आपल्या चंद्रापेक्षा बरीच मोठी दिसते, त्यामुळं मापही चाललं. जमिनीसाठी कसबा बावड्याहून साखर कारखान्याच्या बॉयलरची राख ट्रक भरून आणली. पैलवानांनी तीत वरून दगड टाकले. खरे खड्डेही असेच झालेत, अवकाशातून दगड आदळून. एकच अडचण होती. चंद्रावर वारा नाही, आमच्या चौकात होता. राख उडून सगळे खोकायला लागले, तेव्हा पाणी शिंपडलं.

संध्याकाळी वस्ताद आले. चपला काढून राखेत उभे राहिले.

"चंद्र कुठाय?"

"तुमी हुबं हाईसा त्योच."

त्यांनी खाली बघितलं. मग आखाड्यात उतरताना माती लावतात तशी चिमूटभर राख कपाळाला लावली. "पायाखालच्याला बंदी न्हाय," म्हणाले. मी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसलो. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चतुर्थीला रांग चौकाबाहेर गेली. गडहिंग्लजहून पाहुणे आले. लोक चंद्रावरून चालून गेले, आणि बाहेर पडल्यावर आकाशातला चंद्र चुकून दिसू नये म्हणून मान खाली घालून घरी गेले.

पुढं मी पुष्कळ देखावे केले. गिऱ्हाईक अडून बसलं की मी लगेच सेट मोडत नाही. ते कुठं उभं आहे, तेवढं आधी बघतो.