सतरा नंबरची घंटी

नदीच्या खोऱ्यातल्या त्या राईत शिरायला एकच फाटक होतं आणि फाटकापाशी एकच खोली. खोलीत एक टेबल, एक फोन, एक शिलाई मशीन, एक बाकडं, आणि समोरच्या भिंतीवर ओळीने ठोकलेले चोवीस खिळे. प्रत्येक खिळ्यावर एक पितळी घंटी. या सगळ्या संसाराची मालकीण म्हणजे घंटीताई. तिचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण कुणी त्या नावाने हाक मारलीच, तर ती आधी मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून!

एकोणीस वर्षांपूर्वी दप्तरं शिवायचा कारखाना बंद पडला तेव्हा ती इथे राखणीला आली. त्या काळी राईत रोज जुंपलेली असे. वाट एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन. चालणारे म्हणत, ही सायकलवाली मंडळी वळणावरून अंगावर येतात, जीव मुठीत धरून फिरायचं का? सायकलवाले म्हणत, हे लोक चौघं आडवे होऊन सुनांच्या तक्रारी करत चालतात, आम्ही झाडांवरून जायचं का? कुणी वाटेत फांद्या टाकून ठेवी, कुणी मुद्दाम चिखल उडवी. घंटीताईने दोन्ही बाजूंचं निमूट ऐकून घेतलं आणि एका सकाळी मशीनवर बसली. कारखान्यातून आणलेले दप्तरांचे पट्टे आणि भंगारातल्या पितळी घंट्या. पट्टा सायकलच्या दांडीला बांधायचा, खडबडीत वाटेवर चाक उडालं की घंटी आपोआप वाजायची.

नियम दोनच. सायकलवाल्याने आत जाताना घंटी न्यायची, बाहेर पडताना तिच्या खिळ्याला लावायची. आणि घंटी ऐकू आली, की वाटेवर जो कुणी असेल त्याने डोंगराच्या अंगाला सरकायचं, नदीच्या अंगाला कधीच नाही. हे तिने लोकांना इतक्या वेळा आणि इतकं रागावून सांगितलं होतं की माणसं घरातल्या जिन्यावरसुद्धा घंटी वाजली तर भिंतीला चिकटत.

त्या खिळ्यांचा आणखी एक उपयोग होता. रोज पाच वाजता वरच्या तलावातून शहराच्या पंपांसाठी पाणी सोडत. अर्ध्या तासात ते खोऱ्यात पोचे आणि नदीकाठची खालची वाट सकाळपर्यंत बुडून जाई. चालणारे नेहमीचे, त्यांचे चेहरे ती ओळखी. सायकलवाले मात्र डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मे, अंगभर चिखल, सगळे एका साच्यातले. म्हणून त्यांच्या घंट्या मोजायच्या. पावणेपाचला चोवीस खिळे भरलेले दिसले की ती तलावावरच्या पाणीवाल्याला फोन करी. दोनच शब्द: “खोरं रिकामं.” एकोणीस वर्षांत ते शब्द एकदाही खोटे ठरले नव्हते.

तिचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा. त्याला सगळे चक्रम म्हणत, पहिल्यांदा म्हणाली तीच. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही तेरा. तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला आणि पन्नाशी उलटल्यावर सायकल घेऊन आला. ती कपाळाला हात लावून बसली तेव्हा म्हणाला, “जन्मभर वर-खाली केलं ताई, आता जरा तिरकं जाऊ दे.”

त्या दिवशी दोन वाजता तो खोलीत आला तो कुरकुरतच.

“ताई, सतरा नंबरचा पट्टा बघ. दोन धाग्यांवर लोंबतोय. आठ दिवस झाले सांगतोय.”

“उद्या शिवते.”

“तुझा उद्या उजाडेपर्यंत माझे दात पडतील.”

“मग दुसरी घे ना! भिंत भरलीय.”

“सतरा माझी आहे.”

“तर मग बोंबलू नकोस. गाठ मार आणि चालता हो.”

त्याने गाठ मारली. चपला बाकड्याखाली सरकवल्या, सायकलचे बूट चढवले आणि मागे न बघता गेला. एरवी तो फाटकाशी हात हलवायचा. आज नाही.

दोन तासांनी तिला चुटपुट लागली. पट्टा तो काय, वीतभर तर शिवायचा. तिने कापड काढलं आणि मशीनवर बसली. जाड कापड, जुनी सुई, खाली घातलेली मान. बाहेरून सायकलवाले येत होते, घंट्या लावून जात होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर रोजच्यासारखे फेरी मारून आले आणि बाकड्यावर टेकले. पावणेपाचला तिने मान वर करून भिंत बघितली. चोवीस. म्हणजे चक्रम येऊन, घंटी लावून, एक शब्द न बोलता घरी गेला तर! गाल फुगवून. तिला हसू आलं. तिने फोन उचलला.

“खोरं रिकामं.”

पाच वाजून पाच-सात मिनिटं झाली आणि पट्टा तयार झाला. घरी जाऊन त्याच्यापुढे टाकावा, म्हणजे फुगलेले गाल बसतील. म्हणून तिने सतरा नंबरची घंटी खिळ्यावरून काढली. घंटी चिखलाने भरली होती. पट्टा गाठीपाशी तुटलेला होता. कुणीतरी ती नुसत्या कडीने अडकवली होती.

“ही कुणी लावली?”

“मी,” मास्तर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. “खालच्या वाटेवर तिसऱ्या वळणापुढे पडली होती. म्हटलं, जागेवर पोचवावी, आणि तिथूनच मागे फिरलो. नंबर बघून लावली हं.”

घंटीताई वाकली. बाकड्याखाली, मास्तरांच्या टाचांमागे, चपलांचा जोड होता.

नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की आत-बाहेर करता येत नाही. जो जिथे असेल तिथेच त्याला धरून अंधार होतो. तसं तिचं झालं. मग तिने फोनवर झडप घातली.

“पाणीवाले, बंद करा! माझा भाऊ आत आहे!”

“अहो ताई, तुमचा फोन आला आणि पाचला दार उचललं मी. आता खाली घेतो, पण त्यालाच पंधरा मिनिटं लागतात. आणि जे सुटलं ते सुटलं.”

घड्याळात पाच वाजून नऊ.

“मास्तर, फोनपाशी बसा. बंबवाल्यांना बोलवा. आणि देवाशपथ, कशालाही हात लावू नका!”

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. खाली नदीच्या खळखळाटात माणसाचा आवाज पोचत नाही, घंटी पोचते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने कपडे वाळत घालायची दोरी ओढून काढली आणि भिंतीवरच्या घंट्या भराभर तिच्यात ओवल्या. चोवीसच्या चोवीस. एकोणीस वर्षांत ती भिंत पहिल्यांदा उघडी पडली.

खोलीमागून पायऱ्यांची एक आडवाट सरळ नदीकाठच्या वाटेवर उतरते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती वाट सोडून तिला कितीतरी दिवस झाले होते. आज ती एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दोरी धरून उतरत होती, उतरत कसली, पडत होती. दोरी हलवत, हाका मारत. “अरे ए! चक्रम! अरे, ओ दे रे!” शंभर पायऱ्यांत घसा बसला. मग नुसती दोरी.

लहानपणी तो लपून बसायचा. माळ्यावर, कपाटात, गाद्यांच्या मागे. ती शोधशोध शोधायची, मिळायचा नाही. शेवटी रडायला लागली की हसत बाहेर यायचा. आज ती कधीची रडत होती.

आठ दिवस. वीतभर शिवण. आणि वर ‘चालता हो’. त्याच्याशी बोललेले शेवटचे शब्द जर हेच ठरले तर? ती एका पायरीवर घसरली, कोपर सोलवटलं, घंट्या दगडावर आदळून थरथरल्या. उठली. डाव्या गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. तो गुडघा तिने शिव्या देत पुढे ढकलला.

मग तिला पाणी ऐकू आलं. प्रयोग संपल्यावर हजार माणसं एकदम उठतात आणि खुर्च्या धडाधड मिटतात, तसा आवाज वरच्या अंगाने येत होता. अजून साठ-सत्तर पायऱ्या होत्या. तिने दोरी दोन्ही हातांत धरली आणि जिवाच्या आकांताने हलवली.

ती खाली पोचली तेव्हा खालची वाट नव्हती. जिथे वाट होती तिथून तांबडं पाणी धावत होतं. चौथ्या वळणापाशी, दोन खडकांत अडकून, सायकलचं एक चाक पाण्याबाहेर आलं होतं आणि पाण्याच्या जोराने फिरत होतं. माणूस नव्हता.

घंटीताई शेवटच्या पायरीवर बसली. पाणी तिच्या पावलांवरून जात होतं. आता हाक मारायलाही कुणी नव्हतं. पण हात थांबेनात, दोरी हलतच होती.

“अरे, किती जण आहात रे? थांबा की एकदाचे!”

आवाज वरून आला होता. डोंगराच्या अंगाने. तिने मान वर केली. दहा-बारा हात पलीकडे, चढावर, एका झाडाच्या उघड्या मुळांना मिठी मारून तो पालथा पडला होता. तोंड चिखलाने काळं, एक पाय नको तिकडे वळलेला.

त्या चढाला धरून, मुळाला हात आणि गवताला हात, ती त्याच्यापर्यंत कशी पोचली ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

“पाय गेला,” तो दातांवर दात धरून म्हणाला. “दोन तास वाटेवरच पडलो होतो, हलवेना. मग घंट्या वाजायला लागल्या. म्हटलं, वीस-पंचवीस जण सुसाट उतरतायत, चिरडणार मला. आयमाय काढली सगळ्यांची. घासत घासत इकडे सरकलो. डोंगराच्या अंगाला.” तो थांबला. खाली, जिथे तो पडला होता तिथे, आता कमरेएवढं पाणी होतं. ते त्याने बघितलं. “तू एकटीच?”

ती अजून दोरी हलवत होती.

“ताई. बस कर. सरकलोय मी.”

त्याने हात पुढे करून दोरी धरली तेव्हा कुठे घंट्या गप्प झाल्या. मग तिच्या तोंडून ते निघालं.

“मी फोन केला. खोरं रिकामं, म्हणून सांगितलं मी. तू आत असताना.”

तो पाण्याकडे बघत राहिला. रागावला असता, ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. वरून, फार लांबून, मास्तरांची हाक येत होती, पण शब्द लागत नव्हते.

“पट्टा शिवलास?” त्याने विचारलं.

“शिवला.”

“मग काढ. पाय बांध.”

पट्टा तिच्या पदरातच खोचलेला होता. तिने एक सरळ फांदी मोडली, त्याच्या पायाला लावली आणि पट्टा आवळला. तो कळवळला. तिने आणखी आवळला.